थंडीत पेट्रोलची टाकी सील करून घेताय? लेप ओतायच्या आधी आत बघा

टाकी आतून साफ करून सीलर (भोकं बुजवणारा आतला लेप) मारून देतो, असं सांगून एका कारागिराने माझ्याकडून कामाचे पूर्ण पैसे घेतले आणि गंजावरच लेप ओतून टाकी परत दिली. राग आहेच, पण हे लिहितोय ते वेगळ्या कारणासाठी. थंडीच्या दिवसांत ही फसवणूक करणं फार सोपं असतं आणि उघडकीला आली तरी खापर थंडीवर फोडता येतं.

गाडी जुनी, कार्बोरेटरची. टाकीच्या तळाला, जोडाच्या बाजूला, गंजाने बारीक भोकं पडून पेट्रोल पाझरू लागलं होतं. थंडीत हे अनेकांच्या गाड्यांना होतं. रात्री पत्रा गार पडला की टाकीतल्या हवेतली वाफ त्यावर दवासारखी बसते, थेंब खाली उतरतात आणि पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचून राहतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल थोडंफार पाणी स्वतःत सामावून घेतं, पण गारठा वाढला की त्याची ती ताकद कमी होते आणि पाणी नि इथेनॉलचा वेगळा थर खाली बसतो. गंज नेमका तिथूनच पत्रा खायला लागतो.

कारागीर म्हणाला, "ॲसिडने आतून चकाचक करतो, दोन हात सीलर मारतो, उद्या घेऊन जा. परत बघायला नको."

यातला 'उद्या' हाच शब्द खोटा होता. हे काम नीट करायचं तर पेट्रोल पूर्ण काढायचं, कॉक (पेट्रोल चालू-बंद करायची तोटी) आणि फ्लोट (पेट्रोलची पातळी दाखवणारा तरंगता भाग) उतरवून त्यांच्या जागची भोकं बंद करायची, साबणाच्या गरम पाण्याने तेलकटपणा घालवायचा, मग फॉस्फोरिक ॲसिड किंवा तसंच काही भरून गंज उतरवायचा, धुवायचं आणि लगेच कोरडं करायचं. लगेच म्हणजे खरंच लगेच, कारण उघडा पडलेला ओला पत्रा बघता बघता पुन्हा तांबूस होतो. त्यानंतर सीलर ओतून टाकी सगळ्या बाजूंनी हळूहळू फिरवायची, उरलेला सीलर बाहेर काढायचा आणि तो पक्का होईपर्यंत थांबायचं.

थंडीत सगळं अडतं ते या थांबण्यावर. दोन भाग मिसळून लावायच्या इपॉक्सी सीलरला साधारण 20 ते 25 अंश सेल्सिअस मानवतं. ढोबळ हिशोब असा की तापमान 10 अंशांनी उतरलं की घट्ट होण्याचा वेग निम्म्यावर येतो, आणि नेहमीच्या बऱ्याच इपॉक्सींचं घट्ट होणं 10 अंशांखाली जवळपास थांबतं. वर हात लावला तर चिकटत नाही, पण खाली लेप मऊच असतो. अशा कच्च्या लेपावर पेट्रोल पडलं की तो फुगतो आणि सुटतो. शिवाय गार सीलर इतका दाट होतो की जोडांच्या फटीत शिरतच नाही, तळाशी थारोळं करून बसतो. इथे हवेपेक्षा पत्र्याचं तापमान बघायचं असतं. ज्या तापमानाला दव पडतं त्यापेक्षा पत्रा किमान 3 अंश गरम हवा, असा लेपाच्या कामातला सर्वमान्य नियम आहे. नाहीतर डोळ्यांना न दिसणाऱ्या ओलाव्यावर लेप बसतो, आणि तो फार दिवस टिकत नाही.

म्हणजे प्रामाणिक माणसाला थंडीत उबदार खोली हवी, टाकी आधीपासून तिथे आणून ठेवायला हवी आणि कित्येक दिवस थांबायला हवं. ज्याला हे करायचं नाही त्याने लेप ओतून टाकला की खाली काय आहे ते कोणालाच दिसत नाही.

टाकी परत मिळाली तेव्हा झाकणातून आत सगळं गुळगुळीत, चकचकीत दिसत होतं. झाकणाच्या कडेला मात्र रंगावर बारीक फुगे आले होते. घाईने वाळवायला बाहेरून आच दिल्याची ती खूण होती. विचारलं तर "रंग जुना आहे" असं उत्तर मिळालं.

थोड्याच दिवसांत गाडी सकाळी धड चालू होईना. त्याचं म्हणणं, "थंडी आहे, चोक ओढा, गरम होऊ द्या." गरम झाल्यावरही जरा जोरात पळवली की गचके देऊन दमायची आणि हळू चालवली की ठीक चालायची. पेट्रोल कमी पोचत असेल तर गाडी नेमकी अशीच वागते. गार इंजिन एकवेळ सुरुवातीला कुरकुरेल, पण तापल्यावर असं दमणार नाही. हा फरक लक्षात ठेवा, कारण थंडीचं कारण तुम्हाला पुन्हा पुन्हा ऐकवलं जाईल.

शेवटी कॉक काढला. त्याच्या जाळीला पोपडे गुंडाळले होते, कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्येही (जिथे पेट्रोल साठतं ती वाटी) तेच. त्यातला नखाएवढा एक पोपडा उन्हात धरून बघितला. वरची बाजू दुधावरच्या सायीसारखी, मऊ आणि सुरकुतलेली. मागची बाजू पूर्ण तांबडी, खरखरीत. नखाने खरवडलं तरी ते कण सुटेनात, कारण लेप ओला असतानाच ते त्यात रुतले होते. ॲसिडने साफ केलेल्या पत्र्यावरून निघालेल्या पोपड्याची पाठ अशी नसते.

हे दाखवल्यावर त्याने भेसळीच्या पेट्रोलवर ढकललं, मग इथेनॉलवर. काही सीलर इथेनॉलपुढे टिकत नाहीत हे खरं आहे. पण इथेनॉल लेप मऊ करेल, त्याच्या पाठीत जुना गंज कुठून रुतवणार? यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पैसे परत करायला साफ नकार दिला आणि कुठला सीलर वापरला तेही सांगितलं नाही.

सीलरचं नाव दडवलं त्याचा त्रास सगळ्यात जास्त झाला. फसलेला लेप काढायला कोणतं द्रावण लागेल ते सीलरच्या जातीवर ठरतं. दुसऱ्या कारागिराला एकेक द्रावण पोपड्यांवर टाकून बघावं लागलं, मग टाकीत नट आणि साखळीचे तुकडे घालून ती हलवत बसावं लागलं. त्याने गंज उतरवल्यावर मला बोलावून टॉर्चच्या उजेडात आतला करडा, कोरडा पत्रा दाखवला आणि त्यानंतरच सीलर ओतला. टाकी ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्तच दिवस उबदार खोलीत ठेवली.

आच देऊन वाळवण्याबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही ठिणगीने पेट घेऊ शकते. बाहेर कितीही गारठा असला तरी वाफेपासून तुम्ही सुरक्षित नाही. ती हवेपेक्षा जड असते आणि रिकाम्या टाकीत रेंगाळते. टाकीला ज्योत किंवा हीट गन दाखवणाऱ्याच्या दुकानातून टाकी उचलून सरळ बाहेर पडा.

काम द्यायच्या आधीच ठरवून घ्या की गंज उतरवल्यावर तुम्ही आत बघणार, किंवा तुमच्याच टाकीचा फोटो घेणार, ज्यात झाकणाभोवतीचा रंग ओळखू येईल. सीलरचा रिकामा डबाही मागून घ्या. किती तापमानात लावायचा आणि किती दिवस सुकू द्यायचा हे बहुतेक डब्यांवर छापलेलं असतं, आणि पुढे कधी लेप काढायची वेळ आली तर त्या नावावरूनच द्रावण ठरवता येतं.