रेट्रो गेम कलेक्शनचा खिशातला कॅटलॉग: आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मी नाशिकला सिडकोत राहतो. आजच्या तारखेला माझ्याकडे २३६ जुने गेम आहेत. त्यातल्या १४८ आपल्या टीव्ही गेमच्या कॅसेट, म्हणजे समुराई, मीडिया, लिटल मास्टर असल्या मशीनमध्ये लागायच्या त्या ६० पिनवाल्या, ६१ पीएस२ च्या (प्लेस्टेशन २) डिस्क, १९ निन्टेन्डोच्या हातात धरायच्या मशीनच्या, म्हणजे गेमबॉय आणि गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या, आणि ८ सेगा मेगा ड्राइव्ह या टीव्ही गेम मशीनच्या. हे सगळं गेल्या जूनपर्यंत फक्त माझ्या डोक्यात होतं आणि डोक्यात ठेवणं जमत नव्हतं, कारण बुधवारच्या बाजारात गंगेवर (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) एका काकांकडून एक ६४ इन १, म्हणजे एकाच कॅसेटवर ६४ गेम लिहिलेली, घेतली, घरी येऊन लावली तर मेनू ओळखीचा, कपाट उघडून बघतो तर तीच कॅसेट आधीच दोनदा घेतलेली, फक्त लेबल तिन्हींची वेगळी. त्याच रात्री ठरवलं की यादी करायची आणि ती कायम खिशात असली पाहिजे, कारण घरी लॅपटॉपवर असलेल्या यादीचा बाजारात काय उपयोग.

आधी अ‍ॅप घेतलं होतं, पैसे भरून. नाव सांगत नाही. बारकोड स्कॅन केला की गेमचं नाव, कव्हर, साल सगळं आपोआप येतं, आणि पीएस२ च्या डिस्कसाठी ते खरंच मस्त चाललं, दोन संध्याकाळींत ४० च्या वर नोंदी झाल्या. पण आपल्या कॅसेटवर बारकोड कुठे असतो? त्या अ‍ॅपच्या डेटाबेसमध्ये कंपनीने अधिकृत काढलेले गेम होते, आणि आपल्याकडे नव्वदच्या दशकात जे घरोघरी खेळलं गेलं ते जवळजवळ सगळंच तैवान-चीनकडून आलेल्या कॉपी कॅसेटवर. म्हणजे माझं अर्ध्याहून जास्त कलेक्शन त्या अ‍ॅपच्या लेखी अस्तित्वातच नाही. हाताने भरायची सोय होती म्हणून भरत गेलो, फोटोही टाकले. मग तीन महिन्यांनी त्यांचे पैशांचे प्लॅन बदलले, मी माझा डेटा बाहेर काढायला गेलो तर नावांची यादी मिळाली पण फोटो एकही नाही. सहा रविवार गेले होते त्या फोटोंत. तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे, कॅटलॉग अशा फाईलमध्ये ठेवा जी तुमची आहे, उद्या कुठलंही अ‍ॅप बंद पडलं तरी उघडेल.

म्हणून आता साधी स्प्रेडशीट. फोनवर ऑफलाइन करून ठेवलेली, आणि दर महिन्याच्या एक तारखेला तिची सीएसव्ही (कुठेही उघडणारी साधी मजकूर फाईल) कॉपी लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर. भारी काही नाही, पण आजवर एकदाही अडलं नाही.

रकाने मात्र तीनदा बदलले, आणि ते का बदलले हेच मला नीट सांगायचंय. सुरुवातीला ठेवले होते नाव, सिस्टिम, अवस्था, किंमत. कुठल्याही यादीत असतात तसे. दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा आला होता, अकरा वर्षांचा आहे, त्याला घेऊन बसलो कॅसेट तपासायला. माझ्याकडे काँट्रा या गोळीबाराच्या गेमच्या दोन कॅसेट होत्या, लेबल एकसारखं, प्लास्टिक एकसारखं, मी यादीत एकीपुढे "डुप्लिकेट, विकायची" असं लिहूनही टाकलं होतं. त्याने पहिली लावली, थोडी खेळला, दुसरी लावली आणि म्हणाला, "मामा, ह्याच्यात झाडं हलतायत!" मी म्हटलं काहीतरीच काय. जवळ जाऊन बघितलं तर खरंच, पहिल्या लेव्हलच्या मागच्या जंगलात झाडांची पानं हळूहळू हलत होती, आणि लेव्हलच्या आधी नकाशाही आला होता जो पहिल्या कॅसेटमध्ये नव्हताच. काँट्राच्या १९८८ च्या जपानी फॅमिकॉम (निन्टेन्डोचं जपानमधलं टीव्ही गेम मशीन) आवृत्तीत कोनामी या मूळ कंपनीने स्वतःची व्हीआरसी२ नावाची चिप वापरली होती, त्यामुळे हलती झाडं, नकाशा आणि मधली चित्रं त्या आवृत्तीत आहेत, अमेरिकन एनईएस (त्याच मशीनचं तिकडचं रूप) आवृत्तीत ती काढून टाकली. म्हणजे माझी एक कॅसेट जपानी आवृत्तीची कॉपी होती आणि एक अमेरिकन. पंचवीस वर्षं ज्याला आपण "काँट्रा" म्हणत आलो ते दोन वेगळे गेम होते, आणि मी त्यातला एक विकायला काढला होता.

त्या दिवशी सगळे रकाने पुन्हा मांडले. लेबलवर काय छापलंय त्यावर आता मी नोंद करतच नाही, म्हणजे तेही लिहितो, पण वेगळ्या रकान्यात, जसं छापलंय तसं, चुकांसकट. मुख्य रकाना आहे "स्क्रीनवर काय दिसतं". त्यात टायटल स्क्रीनवरचं साल, कंपनीचं नाव आहे की पुसलंय, मेनू असेल तर मेनूचं चित्र कसं आहे, आणि खरे गेम किती. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे कारण आपल्या ९९९९९९९ इन १ वाल्या कॅसेटमध्ये खरे गेम चार ते सात असतात, पुढचे सगळे तेच, एखादा तिसऱ्या लेव्हलपासून सुरू होतो, एखाद्यात तीस लाइफ आधीच दिलेल्या असतात. माझ्याकडे अशा १४ आहेत. समुद्र, नारळाचं झाड आणि उडणारे पक्षी असा मेनू असलेल्या त्यात चार, पण चारही आतून वेगळ्या निघाल्या, आणि उलट ज्या तीन वेगळ्या वाटत होत्या त्या (त्या ६४ इन १) आतून एकच. हे लेबल बघून कधीच कळलं नसतं.

तपासायचं म्हटलं की जुना डब्बा टीव्ही लागतो बरं का. मी अंबडच्या एका भंगारवाल्याकडून २१ इंची उचलला. डक हंट या बदकं मारायच्या गेमची बंदूक एलसीडी-एलईडीवर चालतच नाही, तिला पिक्चर ट्यूबवरचा प्रकाश ज्या क्षणी उमटतो तोच क्षण लागतो, नवीन टीव्हीवर कितीही नेम धरा बदक पडणार नाही. यादीत माझ्याकडे "शेवटचं कधी तपासलं" आणि "कशावर तपासलं" असे दोन रकाने आहेत, त्यातला दुसरा ह्याच कारणाने आला, कारण तीन कॅसेटपुढे मी आधी "खराब" लिहिलं होतं आणि त्या एकदम ठणठणीत होत्या.

पीएस२ च्या डिस्कला हे सगळे प्रश्न नाहीत. डिस्कवरच कोड छापलेला असतो, आपल्याकडच्या पाल (आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) डिस्कवर एसएलईएस किंवा एससीईएस आणि पुढे पाच आकडे, अमेरिकन डिस्कवर एसएलयूएस. तो कोड लिहिला की झालं, नावाच्या स्पेलिंगची कटकट संपली. माझ्या ६१ मध्ये दोन डिस्क मी वेगळ्या पाऊचमध्ये जपून ठेवल्यात, हैदराबादला बनलेला "हनुमान: बॉय वॉरियर" आणि "देसी अड्डा", दोन्ही २००९ चे. आपल्या देशात बनलेले कन्सोल गेम त्या काळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे त्यांच्या कव्हरवरच्या किमतीच्या स्टिकरचासुद्धा फोटो काढून ठेवलाय. लोक ते स्टिकर खरवडून काढतात, कृपा करून काढू नका, तो गेम इथे दुकानात विकला गेला त्याचा तेवढाच पुरावा असतो.

बारकोडचं एक सांगतो, ज्यांच्याकडे मूळ डब्यासकट गेम आहेत त्यांच्या कामाचं. निन्टेन्डोच्या अमेरिकन डब्यांवरचा बारकोड ०४५४९६ ने सुरू होतो, आणि स्प्रेडशीटला वाटतं हा आकडा आहे, ती पुढचं शून्य गाळून टाकते, मग तोच बारकोड परत शोधला की सापडत नाही. रकाना आधीच "टेक्स्ट" करून ठेवा. माझ्या ११ नोंदी परत भराव्या लागल्या.

शोधायचा त्रासही असाच. मी कधी काँट्रा लिहिलं, कधी कॉन्ट्रा, कधी कोन्ट्रा, आणि शोध फक्त हुबेहूब अक्षरं बघतो. आता एक रकाना इंग्रजी नावाचा, त्याच्यावर शोधायचं, आणि बाकी वर्णन बिनधास्त मराठीत.

गेमबॉयच्या कॅसेटना "बॅटरी" हा रकाना हवाच. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरच्या आत सीआर २०२५ सेल असतो, सेव्ह (खेळ कुठवर आला त्याची नोंद) त्याच्यावरच टिकतो आणि आतलं घड्याळही त्याच्यावरच चालतं, त्यामुळे तो इतर गेमपेक्षा लवकर संपतो. सेल काढला की सेव्ह गेला, हे आधी माहीत असू द्या. माझ्याकडच्या गोल्डमध्ये आधीच्या मालकाचा सेव्ह आहे, कुणा मुलाने दोनशेच्या वर पोकेमॉन पकडलेत, वर्षानुवर्षं खेळलेला दिसतो. तो पुसायचं मला धाडस होत नाही, म्हणून त्याच्या नोंदीत लाल अक्षरात "सेल बदलू नये, आधी सेव्ह काढून घ्यायचा" असं लिहिलंय आणि कॅसेट तशीच ठेवलीय. सेव्ह कॉपी करायचं रीडर मागवलंय.

फोटो दर कॅसेटचे चार: पुढून, मागून, पिना, आणि चालू असतानाची स्क्रीन. पिनांचा फोटो सगळ्यात जास्त कामाला येतो, कारण सहा महिन्यांनी काळेपणा वाढला का ते शेजारी ठेवून बघता येतं. लहानपणी आपण सगळ्यांनी फुंकर मारलीय, पण त्या फुंकरीतला ओलावाच पिना गंजवतो, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानात घालायची कापसाची काडी एवढंच पुरतं. फोटो मूळ आकारात ठेवले तर फोन भरतो, मी ३०० केबीच्या आसपास छोटे करतो, साडेनऊशे फोटो तीनशे एमबीच्या आत बसले. फोटोच्या फाईलला कॅसेटचाच नंबर द्या, म्हणजे अ‍ॅप असो नसो जोडी तुटत नाही.

नंबर कॅसेटवर चिकटवू नका! मी पहिल्या वीसेक कॅसेटवर छोटे स्टिकर लावले आणि काढताना दोन लेबलांचा कोपरा सोबत आला, अजून बघितलं की वाईट वाटतं. आता प्रत्येक कॅसेट झिपच्या पाऊचमध्ये आणि नंबर पाऊचवर, आणि असे पाऊच नऊ डब्यांत. "कुठल्या डब्यात" हा रकाना मी रोज वापरतो, बाकी कुठलाही इतका वापरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे भिंतीला ओल येते, गोदेला पाणी चढलं की हवेतच दमटपणा असतो, तेव्हा डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि त्याची तारीखही लिहून ठेवली. या पावसाळ्यात एकाही डिस्कला बुरशी लागली नाही. आधीच्या वर्षी चार डिस्क पुसाव्या लागल्या होत्या.

आता खिशातल्या कॅटलॉगची खरी परीक्षा, म्हणजे मुंबई. जानेवारीत पंचवटी एक्स्प्रेसने लॅमिंग्टन रोडला, तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो, कसारा घाटात नेटवर्क जातं, आणि लॅमिंग्टन रोडच्या आतल्या गाळ्यांतही फोनला रेंज नव्हती, ऑफलाइन फाईल नसती तर हात हलवत आलो असतो. एका गाळ्यात गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या सात कॅसेट होत्या. दोन माझ्याकडे आहेत हे दहा सेकंदांत कळलं. उरलेल्या पाचची खरी-खोटी बघायला मी माझ्याच खऱ्या कॅसेटचे फोटो उघडले: खऱ्या कॅसेटच्या लेबलवर दोन आकडी ठसा दाबलेला असतो, उजेडात तिरपं धरलं की दिसतो, आणि पिनांच्या वर बोर्डावर निन्टेन्डो असं बारीक छापलेलं असतं. पाचातली एकच खरी निघाली. तीच घेतली.

तिथेच एक चूक झाली. किमतीचा रकाना नावाच्या शेजारीच होता, फोन काउंटरवर ठेवून मी दाखवत होतो तेव्हा दुकानदाराने वाचलं की असली कॅसेट मी आधी साडेआठशेला घेतलीय. सहाशे म्हणत होता तो साडेआठशेवर गेला आणि तिथून हललाच नाही. आता किमतीचा रकाना वेगळ्या शीटवर.

खटकणारं सांगायचं तर नोंदी करायला वेळ लागतो, एका कॅसेटला तपासण्यासकट सरासरी वीस मिनिटं, आणि ती खेळायची वीस मिनिटं असतात. फोनवर छोट्या अक्षरात १५ रकाने भरणं डोळ्यांना त्रासाचं आहे, म्हणून बाजारात मी फक्त नंबर, फोटो आणि कुणाकडून घेतली एवढंच टाकतो, बाकी घरी लॅपटॉपवर. लॅपटॉपवर सीएसव्ही उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडलं नाही तर सगळी मराठी भलतीच चिन्हं होऊन बसते, घाबरू नका, फाईल ठीक असते, फक्त तशीच सेव्ह करू नका.

"कुणाकडून" हा रकाना मी सगळ्यात शेवटी वाढवला आणि आता तोच सगळ्यात आवडतो. गंगेवरच्या त्या काकांना मी त्यांच्याकडून घेतलेल्या २३ कॅसेटची यादी फोनवर दाखवली, कुठल्या बुधवारी कुठली, स्क्रीनच्या फोटोसकट. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ही कुस्तीवाली आहे ना, ही आमच्या पोराची. त्याचं नाव लिव्ह तिथं." लिहिलं.

डबा नंबर ९ अजून तपासायचा राहिलाय, १७ कॅसेट, त्यात आणखी एक काँट्रा आहे. ती मी मुद्दाम लावून बघितलेली नाही, मे महिन्यात भाचा येतोय.