हायपोथेसिस: सात महिन्यांच्या वापरानंतर

प्रॉपर्टी-बेस्ड टेस्टिंगची कल्पना क्लासेन आणि ह्यूजेस यांच्या क्विकचेकने २००० साली हॅस्केलमध्ये रुजवली; पायथनमध्ये तेच काम हायपोथेसिस ही लायब्ररी करते. कोणतंही इनपुट आलं तरी काय खरं राहिलंच पाहिजे, ते आपण लिहायचं; हीच प्रॉपर्टी. इनपुट लायब्ररी तयार करते, डीफॉल्टने दर टेस्टला १००. टेस्ट पडली की तेच इनपुट छाटत छाटत लहानात लहान करून समोर ठेवते. या छाटणीला श्रिंकिंग म्हणतात, आणि सात महिन्यांनंतरही या लायब्ररीचं सगळ्यात मोठं बळ मला तेच वाटतं.

लाख-कोटीचे स्वल्पविराम टाकणारं फंक्शन घ्या. सरळ पद्धत अशी: संख्येची स्ट्रिंग करा, शेवटची तीन अक्षरं बाजूला काढा, उरलेल्याचे उजवीकडून दोन-दोनचे गट पाडा. पहिली प्रॉपर्टी सगळ्यांनाच सुचते: छापलेलं परत वाचलं की मूळ संख्या मिळाली पाहिजे. शंभरच्या शंभर इनपुट पास होतात, तरीही कोड चूक आहे! उणे शंभर हे फंक्शन ‘-,१००’ असं छापतं. वाचणारं फंक्शन आधी सगळे स्वल्पविराम काढून टाकतं, त्यामुळे ही चूक मधल्यामध्ये गिळली जाते.

म्हणून दुसरी प्रॉपर्टी लागते, छापलेल्या रूपाची: सुरुवातीला हवं तर उणे चिन्ह, मग एक ते तीन अंक, किंवा एक-दोन अंक, पुढे दोन-दोनचे गट आणि शेवटी तीन अंक. (हे रूप तपासणाऱ्या रेगेक्समध्ये, म्हणजे मजकुराच्या नमुन्यात, ० ते ९ असा स्पष्ट वर्ग लिहा. पायथनच्या स्ट्रिंगमध्ये ‘कोणताही अंक’ या अर्थाचा बॅकस्लॅश-डी देवनागरी अंकांनाही जुळतो.) ही टेस्ट पडते, आणि अहवालात दहा आकडी संख्या येत नाही, येतं फक्त -१००. त्या एका आकड्यात निदान आहे. -९९ ची स्ट्रिंग तीनच अक्षरांची, तिथे स्वल्पविरामाचा प्रश्नच नाही. -१०० ला चौथं अक्षर येतं, ते म्हणजे उणे चिन्ह, आणि कोड त्यालाच अंक समजतो. चिन्ह आधी वेगळं काढलं की काम झालं.

छापून परत वाचण्याच्या (राउंड-ट्रिप) प्रॉपर्टीवर थांबू नका, हे मी आग्रहाने सांगेन. दोन्ही फंक्शनं एकमेकांच्या चुका झाकतात.

मराठी मजकुराचा शोध असेल तर टेक्स्ट स्ट्रॅटेजी (मजकुराची इनपुट तयार करणारा भाग) जशीच्या तशी वापरू नका. ती जवळजवळ अख्ख्या युनिकोडमधून अक्षरं उचलते, देवनागरी वाट्याला फार थोडं येतं. अक्षरांचा पल्ला ०९०० ते ०९७एफ (हेक्स) असा बांधून द्या आणि प्रॉपर्टी लिहा: मजकूर आणि त्याचं एनएफडी रूप (नुक्त्यासारखी चिन्हं अक्षरापासून सुटी केलेलं युनिकोड रूप), दोन्हींची शोध-की, म्हणजे शोधासाठी वापरलेलं रूप, एकच हवी. नॉर्मलायझेशन (अशी वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) विसरलेलं असेल तर टेस्ट एका अक्षरावर पडते, बहुधा ऩ किंवा ऱ. ऩ मराठीत लागत नाही म्हणून सोडून देऊ नका. ‘शेतकऱ्यांना’मधला ऱ एका कोडपॉइंटने (युनिकोडमधल्या एका क्रमांकाने) लिहिता येतो, तसाच र आणि नुक्ता जोडूनही. डोळ्याला फरक दिसत नाही, पण शोधात नोंद सापडत नाही.

आता त्रासाच्या जागा. नको ती इनपुट गाळणाऱ्या फिल्टर आणि अझ्यूम यांचा अतिवापर केला की बहुतेक इनपुट फेकली जातात आणि लायब्ररीचा हेल्थ चेक टेस्ट पाडतो. सुरुवातीची तारीख शेवटच्या तारखेआधी हवी असेल तर दोन तारखा घेऊन गाळू नका. एक तारीख आणि दिवसांची संख्या घ्या, बेरीज करा.

दर इनपुटला असलेली २०० मिलिसेकंदांची डीफॉल्ट डेडलाइन पहिल्याच हाकेला कॅशे भरणाऱ्या कोडला नडते. पहिलं इनपुट हळू, तेच पुन्हा चालवलं की झटपट, मग टेस्ट फ्लेकी (कधी पडते, कधी पास होते) म्हणून तक्रार. सीआयवर (बदल आला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर) डेडलाइन बंद ठेवलेली बरी.

सगळ्यात फसवी गोष्ट पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनाच्या फिक्स्चरची, म्हणजे टेस्टआधीची तयारी करणाऱ्या कोडची. फंक्शन-स्कोप फिक्स्चर टेस्टमागे एकदाच चालतं, इनपुटमागे नाही. डेटाबेसचं फिक्स्चर असेल तर पहिल्या इनपुटच्या ओळी शंभराव्यापर्यंत साचत जातात, आणि मग टेस्ट का पडली तेच कळत नाही. लायब्ररी याचा इशारा देते. तो दाबून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मानू नका. डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन टेस्टच्या आत उघडा आणि तिथेच रोलबॅक करा, म्हणजे बदल मागे घ्या.

पडलेली इनपुट ‘.हायपोथेसिस’ फोल्डरमध्ये साठतात आणि पुढच्या वेळी आधी तीच चालतात. तो फोल्डर गिटमध्ये घालू नका. महत्त्वाचं इनपुट एक्झाम्पल डेकोरेटरने टेस्टवरच लिहून ठेवा, म्हणजे ते कोणाच्याही मशीनवर हमखास चालेल. पुल रिक्वेस्टला डीरँडमाइझ (दर वेळी तीच इनपुट देणारं सेटिंग) चालू ठेवा, नाहीतर भलत्याच्याच बदलावर जुना बग उगवतो. रात्रीच्या रनला मात्र रँडम आणि दोन-तीन हजार इनपुट द्या.

सी एक्स्टेंशन (सी भाषेत लिहिलेला भाग) असलेल्या पार्सरला हे पुरत नाही. सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लावल्याने होणारा क्रॅश) झाला की पायटेस्टची प्रोसेसच मरते, श्रिंकिंग करायला कोणी उरत नाही. तिथे लिबफझरवर बांधलेलं अथेरिस हे फझिंगचं (भलभलती इनपुट देऊन क्रॅश शोधण्याचं) साधन घ्या. ते कोडच्या कोणत्या फांद्या चालल्या ते बघून इनपुट बदलतं, आणि क्रॅश घडवणारे बाइट्स फाइलमध्ये टाकून जातं. हायपोथेसिसची टेस्ट ‘फझ वन इनपुट’ या हुकने त्याला जोडता येते, प्रॉपर्टी पुन्हा लिहावी लागत नाही.