एका रात्रीचा स्पा-मुक्काम: मोठं हॉटेल घ्यावं की लहान?

आधी तास मोजा. साधारणपणे दुपारी ३ ला खोली मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ला सोडावी लागते. म्हणजे वीस तास. त्यातले आठ झोपेत जातात, तीन-साडेतीन जेवणखाण आणि नाश्त्यात, तासभर सामान लावण्या-आवरण्यात. दोघांच्या हातात उरतात जेमतेम साडेसात तास. शहरापासून लांब, शेतं आणि झाडांच्या मधोमध असलेल्या स्पा-हॉटेलात एक रात्र राहायचं ठरवलं की बहुतेक जण खोलीचे फोटो बघत बसतात. मी हे साडेसात तास बघते, आणि मोठं की लहान हा प्रश्न त्यांच्यावरच सोडवते.

आम्ही नवरा-बायको दोन्ही प्रकारच्या ठिकाणी राहिलो आहोत. मोठं म्हणजे शंभरेक खोल्या, आत पोहण्याचा तलाव, सॉना म्हणजे कोरड्या उष्णतेची खोली, स्टीम रूम म्हणजे वाफेची, दहा-बारा मसाजच्या खोल्या, हातात बांधायचा पट्टा आणि लॉकर. लहान म्हणजे सात-आठ खोल्यांचं जुनं घर, त्यात मसाजची एकच खोली, मागच्या अंगणात लाकडी हॉट टब आणि बाजूला माणूसभर उंचीचं कुंपण. या दोन्हींमध्येही भरपूर प्रकार असतात, पण निवड करताना गाडी शेवटी या दोन टोकांपाशीच येऊन थांबते.

मोठ्या हॉटेलाची जमेची बाजू म्हणजे तिथे तास वाढवून मिळू शकतात. पुष्कळ मोठी स्पा-हॉटेलं खोली तयार नसली तरी दुपारपासून तलाव आणि सॉना वापरू देतात, आणि खोली सोडल्यावरही काही तास आत थांबू देतात. हे आपोआप मिळेलच असं नाही, बुकिंग करतानाच विचारावं लागतं. मिळालं तर साडेसातचे बारा तास होतात, आणि दोन रात्रींचे पैसे न भरता जवळजवळ दोन दिवस पदरात पडतात. लहान ठिकाणी मालक सामान ठेवून घेतील, प्रेमाने चहा विचारतील, पण टब तीननंतरच. आधीच्या पाहुण्यांनंतर पाणी तपासायला त्यांना वेळ लागतो, आणि तो त्यांनी घ्यायलाच हवा.

आता मसाज. याबद्दल माझं मत ठाम आहे. ‘जोडप्यांसाठी मसाज’ म्हणजे एका खोलीत दोन टेबलं आणि दोन थेरपिस्ट. तुम्ही दोघं पालथे झोपलेले, तोंड टेबलाच्या भोकात, डोळे मिटलेले. छान वाटतं, अंग मोकळं होतं, पण तो तास ज्याचा त्याचा एकट्याचा असतो. शिवाय साठ मिनिटांच्या मसाजमध्ये तब्येतीचा फॉर्म भरणं, कपडे बदलणं आणि शेवटी पाणी पिणं हे सगळं धरलेलं असू शकतं, मग प्रत्यक्ष हात फिरतो पन्नास मिनिटं किंवा त्याहूनही कमी. साठ मिनिटं म्हणजे हात लागल्यापासून साठ का, हे फोनवरच विचारून घ्या. पाठ धरलेली असेल, खांदे आखडले असतील तर मसाज जरूर घ्या. पण एकमेकांसाठी वेळ काढायला निघाला असाल तर तो वेळ पाण्यात मिळतो. कोमट पाण्यात हातात फोन नसतो, उठून करायचं काही नसतं, आणि समोरच्याकडे बघण्यावाचून दुसरं काम नसतं.

लहान हॉटेलातली एक संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते. रात्रीचे नऊ वाजले होते, बाहेर चांगलीच थंडी. टबाच्या कडेवर दव साचून लाकूड काळं दिसत होतं. पाण्याची वाफ दिव्यापर्यंत चढायची आणि तिथे वाऱ्याने वाकायची. नवऱ्याने पाण्याच्या झोताचं बटण बंद केलं. आवाज थांबल्याबरोबर कुंपणापलीकडून बेडकांचा आवाज येऊ लागला. वीस-बावीस मिनिटं आम्ही तिथे होतो, आणि वर्षभर टाळत आलेलं एक बोलणं तेवढ्यात झालं. कुठल्याही पॅकेजच्या यादीत ही गोष्ट लिहिलेली नसते.

उष्णतेच्या बाबतीत मात्र मोठं हॉटेल सरळ जिंकतं. खऱ्या सॉनात हवा साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली असते, पण ती कोरडी असते. घाम लगेच उडून जातो आणि शरीर स्वतःला गार ठेवत राहतं, म्हणून एवढं तापमान सोसतं. स्टीम रूममध्ये तापमान असतं अवघं ४० ते ५० अंश, पण हवा वाफेने भरलेली. तिथे घाम उडत नाही, उलट वाफच अंगावर येऊन पाणी होते आणि आपली उष्णता कातडीला देते. म्हणून ४५ अंशांची स्टीम रूम ८५ अंशांच्या सॉनापेक्षा जास्त कोंदट आणि जड वाटते. दोघांपैकी एकाला कोरडी उष्णता मानवते आणि दुसऱ्याला दमट, हे अगदी नेहमीचं आहे. मोठ्या ठिकाणी दोन्ही शेजारी शेजारी असतात. दहा-दहा मिनिटं आपापल्या जागी बसून बाहेर गार पाण्याखाली भेटता येतं. सॉनात वरची बाक सगळ्यात तापलेली असते, कारण गरम हवा वर जमते. पहिल्यांदाच जाणाऱ्याने खालच्या बाकेवर बसावं आणि दहा मिनिटांच्या आत बाहेर यावं.

लहान हॉटेलात ‘सॉना’ लिहिलेलं असेल तर तो कसला आहे ते विचारा. पुष्कळदा ती दोन माणसांची इन्फ्रारेड पेटी निघते, म्हणजे हवेपेक्षा किरणांनी थेट अंग तापवणारी. तीही चांगली असते, पण तिथे हवा ४५ ते ६० अंशांवरच राहते आणि तापलेल्या दगडांवर पाणी टाकता येत नाही. सॉनाच्या ओढीने निघालेल्याचा तिथे विरस होतो.

पाण्याच्या स्वच्छतेवर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण निवड करताना याकडे सहसा कोणी बघत नाही. गरम पाण्यात क्लोरीन लवकर संपतं, आणि टब लहान असेल तर दोन माणसांचा घाम आणि अंगाला लावलेलं तेलही त्याला संपवायला पुरतं. अमेरिकेची आरोग्यसंस्था सीडीसी हॉट टबसाठी किमान ३ पीपीएम (दहा लाख भागांत ३ भाग) क्लोरीन किंवा ४ पीपीएम ब्रोमीन हे तसंच जंतुनाशक, पीएच म्हणजे पाण्याची आम्लता ७.० ते ७.८ आणि जास्तीत जास्त ४० अंश तापमान सांगते. हे सांभाळलं नाही तर लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. २५ ते ४५ अंशांचं पाणी त्यांना मानवतं, आणि ते पाणी पिऊन नव्हे तर तुषार श्वासातून आत गेल्याने बाधतात. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोवेनकार्स्पेल इथल्या फुलांच्या प्रदर्शनात मांडून ठेवलेल्या हॉट टबच्या तुषारांतून हे जंतू पसरले आणि किमान ३२ माणसं दगावली. पाण्यात उतरायचीही गरज पडली नाही, जवळून जाताना घेतलेला श्वास पुरला.

मोठ्या हॉटेलात सहसा पाणी तपासायला नेमलेला माणूस असतो, दिवसातून अनेकदा नोंद होते, आणि पुष्कळदा ती भिंतीवर टांगलेली दिसते. लहान हॉटेलात हे सगळं मालकाच्या शिस्तीवर चालतं. काही मालक हे काम जीव लावून करतात. एका ठिकाणी मालकीणबाईंनी आमच्यासमोर क्लोरीन तपासायची कागदी पट्टी पाण्यात बुडवली, रंग डबीवरच्या रंगांशी जुळवून दाखवला आणि मगच झाकण उघडलं. असं ठिकाण सापडलं तर सोडू नका. तपासायच्या पट्ट्या तुम्हीही बरोबर नेऊ शकता, स्वस्त असतात आणि पंधरा-वीस सेकंदांत उत्तर देतात. पट्टी नसेल तर टबाच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर उतरू नका. आणि क्लोरीनचा उग्र वास म्हणजे स्वच्छता, असं समजू नका. तो वास क्लोरीन घाम-मूत्राशी मिसळून बनणाऱ्या क्लोरामाइनचा असतो. नीट राखलेल्या पाण्याला वास जवळजवळ नसतो. हा नियम मोठ्या तलावालाही लागू आहे, आणि सुट्टीच्या दिवशी दुपारनंतर तिथे तो वास मला अनेकदा आला आहे.

झोपेचं गणितही आधी करून ठेवा. नव्या जागेत पहिल्या रात्री झोप उथळ लागते, हा तुमच्या मनाचा खेळ नाही. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की अनोळखी ठिकाणी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा जागा राहतो, बारीकशा आवाजानेही तो सावध होतो. आपला मुक्काम तर एकाच रात्रीचा, म्हणजे वाट्याला येते ती पहिलीच रात्र. यावर उपाय पाण्यातच आहे. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन शाखेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा झोपण्याआधी एक ते दोन तास ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्याने अंघोळ केल्यास झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते असं दिसलं. आधी हातापायांकडे रक्त धावतं, मग शरीराच्या आतली उष्णता उतरते, आणि ती उतरली की झोप येते.

म्हणून माझा पहिला प्रश्न असतो: पाणी रात्री किती वाजता बंद होतं? आम्ही राहिलो त्या मोठ्या हॉटेलांपैकी बहुतेकांत तलाव सात-आठलाच बंद व्हायचा. नेमकं जेवण उरकून पाण्यात जावंसं वाटतं तेव्हा दार बंद. लहान ठिकाणी टब दहापर्यंत आपला, आणि अकराला डोळा लागतो. खोलीतच मोठा बाथटब असेल तर मोठ्या हॉटेलाची ही उणीव बरीचशी भरून निघते, तेवढ्यासाठी खोलीचा वरचा वर्ग घ्यायला माझी हरकत नाही. उशी घरून न्या, ओळखीचा स्पर्श आणि वास मला तरी उपयोगी पडतो.

फसगत दोन्हीकडे झाली आहे. लहान हॉटेलात आम्ही पोचलो त्या दिवशी तिथली एकुलती एक थेरपिस्ट आजारी होती. पैसे परत मिळाले, पण नवऱ्याची धरलेली मान तशीच राहिली आणि दुसरं कोणी जवळपास नव्हतं. मोठ्या हॉटेलात पॅकेजमध्ये दोन मसाज होते, पण मला वेळ दिली ५ ची आणि त्याला ७ ची. मी बाहेर आले तेव्हा तो आत जायची तयारी करत होता. अख्खी संध्याकाळ आम्ही बाथरोब घालून आळीपाळीने एकमेकांची वाट बघितली. तेव्हापासून वेळा लेखी मागून घेते, आणि मसाज पोचल्या संध्याकाळी न ठेवता दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ला ठेवते. सॉना घ्यायचा असेल तर तो मसाजच्या आधी, स्नायू सैल होतात. तेल लावलेल्या अंगाने सॉनात किंवा टबात जाऊ नये.

जेवण आणि खोल्या यांवर मी निवड करत नाही, दोन्हीकडे चांगलं-वाईट मिळतं. फिरायला मात्र लहान ठिकाण बरं, कारण दारातून बाहेर पडलं की लगेच पायवाट सुरू होते. मोठ्या ठिकाणी आधी पार्किंग ओलांडावं लागतं.

तब्येतीचा भाग टाळू नका. गरोदरपणात हॉट टब आणि सॉना नकोच, किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हृदयविकार, कमी-जास्त होणारा रक्तदाब यांनाही तेच. मद्य घेऊन गरम पाण्यात उतरू नये, रक्तवाहिन्या आधीच सैलावलेल्या असतात आणि उठताना चक्कर येते. दोघांपैकी एकाला उष्णता वर्ज्य असेल तर लहान हॉटेल घेऊ नका, तिथे त्या व्यक्तीला करायला काही उरत नाही. मोठ्या हॉटेलात ३० अंशांच्या आसपासचा तलाव असतो, पडून राहायला शांत खोली असते, गरोदर स्त्रीसाठी कुशीवर झोपवून देण्याचा मसाजही अनेक ठिकाणी असतो.

दोघांना सॉनाची आवड असेल, हवामानाचा भरवसा नसेल, किंवा सुट्टीच्या दिवशीच जमणार असेल आणि दुपारी १२ ला पोचता येणार असेल, तर मोठं घ्या. गर्दी सोसावी लागेल, पण तास वसूल होतील. संध्याकाळी ६ ला पोचून सकाळी निघायचं असेल तर मोठ्या हॉटेलाचे पैसे वाया जातात. ज्या तलावासाठी ते भरले तो तुम्ही तासभरच बघणार. अशा वेळी लहान, आणि शक्यतो मधल्या वारी, कारण मालकाला तेव्हा पाणी बदलायला आणि तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड असते.

पुढच्या महिन्यात आम्हाला संध्याकाळीच निघता येणार आहे. मी लहान ठिकाण घेतलंय, बुधवारचं. टब ९ ते १० आमच्या नावावर लिहून घेतलाय, मसाज घेतलेला नाही, आणि पिशवीत पट्ट्यांची डबी ठेवली आहे.