तयार अभ्यासक्रम की घरी जमवलेला? कोकणात लेकीला घरी शिकवताना

लेकीला शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरलं तेव्हा तिला पाचवं लागलं होतं. आता सात पूर्ण होतील. या काळात आम्ही दोन्ही वाटा चालून पाहिल्या. पहिले सहा महिने पैसे भरून घेतलेला तयार अभ्यासक्रम होता. त्यानंतर बालभारतीची पुस्तकं, वाडीतली माणसं आणि घरासमोरची खाडी यांतून आम्हीच जमवलेला. आमचं घर हर्णैपासून थोडं आत, खाडीकाठी आहे. मुंबई-पुणे सोडून दापोली-गुहागरकडे परत आलेली काही तरुण जोडपी सध्या याच विचारात आहेत आणि भेटली की हेच विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

शाळा हवी की नको, हा वाद इथे घेत नाही. कायद्याचं तेवढं सांगतो, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. कलम १० प्रमाणे मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, मात्र न घातल्यास पालकांना कसली शिक्षा त्यात सांगितलेली नाही, आणि घरच्या शिक्षणाचा नाव घेऊन उल्लेखही नाही. आम्हाला धीर आला तो कलम ४ मुळे: मूल उशिरा शाळेत आलं तरी त्याला वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात घ्यावं लागतं. म्हणजे परतीची वाट उघडी आहे. पुढच्या परीक्षांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या पातळ्या आहेत, राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी-आठवी आहे, आणि दहावीला बाहेरून बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म तर सगळ्यांना ठाऊक आहे. जन्मदाखला नीट ठेवा आणि दर महिन्याला मुलाने काय केलं ते एका वहीत लिहीत जा. दोन्ही वाटांना हे लागतंच.

आता मूळ मुद्दा.

तयार अभ्यासक्रमाचं पहिलं सुख म्हणजे सुरुवातीची धडधड थांबते. महिन्याला एक खोकं कुरिअरने दापोलीपर्यंत यायचं, तिथून मी एसटी पकडून घेऊन यायचो. त्यात मणी, पत्ते, रंगीत ठोकळे, रोजच्या कामाचे कागद, सगळं दिवसावार लावलेलं. सोमवारी काय करायचं हे रविवारी रात्री बसून शोधावं लागत नसे. आठवड्यातून एकदा मार्गदर्शक ताई फोनवर बोलत, आणि त्यांचं बोलणं खरोखर आपुलकीचं असे. आम्ही दोघंही शिक्षक नव्हे. मी आंब्याच्या कलमांचं बघतो, बायको घरून हिशेबाचं काम करते. त्या पहिल्या दोन महिन्यांत हातात काहीतरी आखलेलं होतं म्हणूनच आम्ही टिकलो, हे मनापासून सांगतो. लेकीचे इंग्रजी उच्चारही त्यातल्या ध्वनिफितींनी छान सुधारले. आमच्या तोंडून ते झालं नसतं.

बिनसलं ते फोटोंवरून.

रोज केलेल्या प्रत्येक कामाचा फोटो काढून संध्याकाळपर्यंत त्यांच्या ॲपवर चढवायचा, असा नेम होता. नाही चढवला तर दुसऱ्या दिवशीचं पान उघडत नसे. आमच्या घरात रेंज नाही. पाखाडीच्या पायऱ्या चढून वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर गेलं की रेंजच्या दोन कांड्या मिळतात, त्याही वारा असेल तशा. पावसाळ्यात छत्री सांभाळत, निसरड्या चिऱ्यांवरून, रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला मी चार फोटो चढवायला सड्यावर उभा असे. लाईट गेलेली असली तर फोनची बॅटरी तेवढ्यापुरती राखून ठेवायची. हा त्रास मी चार महिने काढला आणि कितीही दिवस काढला असता. घरी शिकवायचं म्हटलं तर एवढं करावंच लागणार, असं मला वाटत होतं.

पण एके दिवशी ओहोटीला आम्ही तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या काढायला खाडीत उतरलो. लेकीने चिखलातून एक शंख उचलला. आत जिवंत खेकडा होता, त्याच्या नांग्या दिसत होत्या. शंखातला खेकडा ती पहिल्यांदाच बघत होती. तिने शंख हातात धरला, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "बाबा, काढलास?" मी विचारलं, काय? "फोटो." मी फोन घरी ठेवून आलो होतो. तिने तो शंख खाली टाकला आणि म्हणाली, "मग नको."

त्या रात्री मी बायकोला एवढंच सांगितलं की मुदत संपली की हे पुढे न्यायचं नाही. तिला कारण विचारावं लागलं नाही, कारण घरातही तेच चाललं होतं. चित्र पुरं व्हायच्या आधी फोटोची घाई. चांगलं आलेलं चित्र पुन्हा काढायला नकार, कारण "त्याचा काढून झाला". दुसऱ्या घरात, दुसऱ्या मुलाच्या बाबतीत, असं होईलच असं नाही. एखादं मूल त्या फोटोंनी खूशही होत असेल. आमच्याकडे मात्र पाच वर्षांच्या मुलीचं कुतूहल फोटोपाशी येऊन थांबू लागलं होतं, आणि तेवढं मला पुरे झालं.

जमवलेल्या अभ्यासाची सुरुवात डळमळीत होती. बालभारतीची पहिलीची पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. ती दापोलीत छापून घेतली. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीवार मिळतात, त्याही फुकट. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरची टाकाऊतून करायची खेळणी आम्ही एकेक करत गेलो. रत्नागिरीला जाणं झालं की जिल्हा नगर वाचनालयात एक फेरी होते. १८२८ सालापासूनचं ते वाचनालय आहे, आणि पुस्तकांनी भरलेली एवढी कपाटं लेकीने दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत. एवढं सामान कुणालाही जमवता येईल. त्याने दिवस भरतो, पण त्यातून दिशा मिळेलच असं नाही, आणि पहिले तीन आठवडे आमचं तसंच झालं.

दिशा मिळाली ती शेजारच्या आजोबांकडून. त्यांची हयात होडीवर गेली. १ जून ते ३१ जुलै यंत्रावरच्या होड्यांची मासेमारी बंद असते आणि होड्या वर ओढलेल्या असतात. त्या दिवसांत आजोबा पडवीत जाळं दुरुस्त करत बसतात. लेक तिथे जाऊन बसायला लागली. भरती किती वाजता येणार, हे आजोबा घड्याळाकडे न बघता सांगतात, याचं तिला मोठं नवल. एकदा तिने विचारलंच. ते म्हणाले, "तिथीला पाऊण लाव गो बाय."

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना हा हिशेब पाठ असतो: जी तिथी असेल तिची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची साधारण वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमाराला भरती. पाऊणकी, म्हणजे पाऊणाचा पाढा, लेकीला कुठून येणार? आजोबांनी तिला शिंपल्यांवर शिकवलं. तिथीइतके शिंपले घे, त्यांचे चार सारखे ढीग कर, एक ढीग बाजूला सार, उरले ते मोज. चतुर्थीला तीन उरले. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. कालनिर्णयात तिथी बघायची, ढीग घालायचे आणि मग बांधावर जाऊन पाणी खरंच तेवढ्याला चढलं का ते बघायचं, हा त्या तिथींना तिचा उद्योग झाला. पौर्णिमेला ती अडली. पंधरा शिंपले चार ढिगांत बसेनात, तीन उरायला लागले. दोन दिवस ती त्यावर घुटमळत होती. शेवटी उरलेल्या तिघांपैकी प्रत्येकाचे चार तुकडे करावे लागतील, हे तिचं तिने काढलं आणि शिंपला फुटत नाही म्हणून भाकरी मागायला आत आली. रोज भरती पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, हे तिला घड्याळ शिकवताना आपोआप आलं. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला पाणी बांधाला लागतं आणि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला लांब राहतं, ते का, हे ती अजून विचारतेच आहे.

याचा फोटो आमच्याकडे एकही नाही. बायकोच्या वहीत दोन ओळी आहेत.

ही वाट मी शोधली असं नव्हे. आमच्याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बालवाडी सुरू केली, तेव्हा माँटेसरीच्या महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, दगड हेच हाती घेतलं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे मुलं जिथे असतील तिथेच शाळा गेली. खोक्यातले प्लॅस्टिकचे मणी आणि परसातल्या सुपाऱ्या यांत मोजण्यापुरता फरक काहीच नाही, हे कळायला आम्हाला सहा महिन्यांची फी भरावी लागली.

आधाराच्या बाबतीत दोन्हींची तुलना जरा अवघड आहे. अभ्यासक्रमाबरोबर पालकांचा एक गट मिळाला होता. त्यातली माणसं चांगली, पण बहुतेक मोठ्या शहरांतली. त्यांचे प्रश्न उद्यान, छंदवर्ग, शनिवारच्या भेटी यांचे. आमचा प्रश्न असा की वाडीतली सगळी मुलं साडेदहाला शाळेत गेली की लेकीने खेळायचं कुणाशी? त्याला तिथे उत्तर नव्हतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. देशभरातल्या अशा पालकांचं 'स्वशिक्षण' नावाचं एक जाळं आहे. कायद्याच्या आणि परीक्षांच्या शंकांना असे दूरचे गट फार उपयोगी पडतात, ते जरूर धरून ठेवा.

रोजचा आधार मात्र चालत जाण्याच्या अंतरावरच हवा, असं माझं मत झालंय. आमच्याकडे तो असा जमला: सहा वर्षांची होईपर्यंत लेक अंगणवाडीत नाव घालून आठवड्याचे तीन दिवस जायची. अंगणवाडी सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच असते, आणि ताईंनी कधी ना म्हटलं नाही. जिल्हा परिषद शाळेच्या बाईंना मी स्वतः जाऊन भेटलो. लपवाछपवी न करता काय चाललंय ते सांगितलं. त्यांना ते पूर्ण पटलेलं नाही, तसं त्या तोंडावर बोलतात. तरी स्नेहसंमेलनाच्या नाचात त्यांनी लेकीला घेतलं, आणि महिन्यातून एकदा तिची वही बघून कुठे कच्चं आहे ते सांगतात. ज्यांना आपलं करणं पटलेलं नाही त्यांच्याकडून वही तपासून घ्यावी, याचा मला फार फायदा झाला. बंदरावर मासे विकणाऱ्या मावशी सुट्टे पैसे मोजायला लेकीला शेजारी बसवतात. दुपारी साडेतीननंतर वाडी मुलांनी भरते आणि मग आमची गरज उरत नाही.

यात कमी पडतं ते सांगायलाच हवं. लेकीचं लिहिणं तिच्या वयाच्या मुलांच्या मागे आहे, बाईंनी दोनदा बजावलंय. इंग्रजीसाठी आम्ही त्या खोक्यातल्या ध्वनिफिती अजून लावतो. मोहोरावर फवारणीचे दिवस आले किंवा एप्रिलात पेट्या भरायला लागलो की माझा हातभार शून्य होतो आणि सगळा भार बायकोवर येतो. तयार अभ्यासक्रम असता तर त्या दिवसांत तिला सोपं गेलं असतं, हे ती म्हणते आणि ते बरोबर आहे. आकड्यांचाही घोळ झाला. बालभारतीच्या २०१९ च्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं. आम्ही तेच आधी शिकवलं, तर आमच्या आईने आठवडाभर अबोला धरला. लेक आता दोन्ही म्हणते, आजीसमोर एकवीस.

म्हणून विचारणाऱ्यांना मी असं सांगतो. दोघांच्याही नोकऱ्या ठरल्या वेळेच्या असतील, वर्ष-दोन वर्षांत पुन्हा शहरात जायचं असेल, किंवा नव्या जागी अजून कुणाशी ओळखच झाली नसेल, तर तयार अभ्यासक्रम घ्या. तो वाईट नाही. फक्त पैसे एकदम वर्षाचे भरू नका, तीन महिन्यांचे भरा, आणि रोज काही चढवण्याची सक्ती आहे का हे आधी विचारा. सक्ती असेल तर दुसरा बघा. पण घराला पडवी असेल, शेजारी हातातलं काम न थांबवता मुलाशी बोलणारं एखादं म्हातारं माणूस असेल, आणि तुमच्यापैकी एक जण दुपारपर्यंत घरी असेल, तर मी तरी खोकं मागवणार नाही. सुरुवात जूनमध्ये करा. पावसाने सगळे घरात असतात, होड्या वर असतात, आणि शिकवू शकणारी माणसं मोकळी असतात.

कुणाला प्रत्यक्ष बघायचं असेल तर पावसाळा सरल्यावर पौर्णिमेच्या आसपास या. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला पाणी खूप खाली गेलेलं असतं. खाडीत कुठे उतरायचं ते लेक दाखवेल. निघायच्या आधी वेळ तिच्याकडूनच पक्की करून घ्या.