मिनिटाचा हिशोब परत आणायचा की बिल अँड कीपच बरं?

ट्राय, म्हणजे आपल्याकडची दूरसंचार नियामक संस्था, इंटरकनेक्शनवर (एका कंपनीचा कॉल दुसरीच्या जाळ्यात नेण्याच्या व्यवस्थेवर) अधूनमधून लोकांची मतं मागवतं, आणि आमच्याकडच्या ग्राहक गटातल्या दोघातिघांनी मला विचारलं की यात आपण नक्की कुठल्या बाजूने लिहायचं. मी काही वर्षं इंटरकनेक्ट बिलिंगमध्ये काढलीयत, म्हणून दोन्ही पद्धती शेजारीशेजारी ठेवून सांगतो, निर्णय तुम्ही घ्या. माझं मत मात्र लपवणार नाही.

आधी मूळ गोष्ट. नागपूरहून तुम्ही साताऱ्याला आईला फोन लावला, तुमचं सिम एका कंपनीचं, आईचं दुसऱ्या. पैसे तुमची कंपनी तुमच्याकडून घेते, पण फोन वाजवायचं काम आईच्या गावातला दुसऱ्या कंपनीचा टॉवर करतो. त्या कामाबद्दल तुमच्या कंपनीने आईच्या कंपनीला दर मिनिटाला काही पैसे द्यायचे, हा टर्मिनेशन चार्ज, आणि आपल्याकडे बोलताना सगळे त्यालाच आययूसी म्हणतात. दुसरी पद्धत बिल अँड कीप, म्हणजे ज्याने त्याने आपल्या गिऱ्हाइकाकडून घेतलेलं आपल्याकडेच ठेवायचं, एकमेकांना काही द्यायचं नाही.

2003 च्या आधी मोबाईलवर इनकमिंगला पण पैसे पडायचे हे जुन्या लोकांना आठवत असेल. आययूसी आलं आणि इनकमिंग फुकट झालं, हे मिनिटाच्या पद्धतीचं सगळ्यात मोठं देणं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मग दर उतरत गेला, 2009 ला 20 पैसे, 2015 ला 14, 1 ऑक्टोबर 2017 पासून 6, आणि 1 जानेवारी 2020 ला शून्य व्हायचा होता तो एक वर्ष पुढे ढकलून 1 जानेवारी 2021 पासून शून्य झाला. म्हणजे आज देशातल्या देशात आपण बिल अँड कीपवरच आहोत.

6 पैसे ऐकायला काहीच वाटत नाही ना? एक कोटी मिनिटांचे 6 लाख रुपये होतात, आणि मोठ्या कंपन्यांमध्ये कोटी मिनिटं म्हणजे काहीच नाही. महिना संपला की दोन्हीकडचे कॉल रेकॉर्ड समोरासमोर ठेवायचे, आमच्याकडे एक आकडा, त्यांच्याकडे दुसरा, कारण कोणाचं घड्याळ उत्तर मिळाल्यापासून चालू झालेलं, कोणी सेकंद वरच्या आकड्याला नेलेले, एखादा नंबर पोर्ट झालेला पण एका बाजूच्या यादीत अजून जुन्याच कंपनीच्या नावावर. एका महिन्याचा फरक मिटवायला आम्ही तीन माणसं आठवडाभर एक्सेलमध्ये बसायचो, आणि त्यातून ग्राहकाला एक पैशाचा फायदा नव्हता.

आता कॉल इंटरनेटच्या जाळ्यावर गेल्यावर काय बदललं ते बघा. जुन्या पद्धतीत दोन कंपन्यांमध्ये ई-वन लाइन असायची, 2 एमबीपीएसची, तिच्यावर एका वेळी 30 जण बोलणार, एकतिसावा आला की त्याला लाइन व्यस्त. दोन्ही बाजू गप्प बसल्या तरी त्या कॉलसाठी ती जागा अडलेली, म्हणून मिनिटावर पैसे लावण्यात तेव्हा तर्क होता. व्होल्टीमध्ये, म्हणजे फोरजीवरच्या कॉलमध्ये, बोलणं म्हणजे डेटाची पाकिटं, एका मिनिटाला एका बाजूने साधारण पाव ते अर्धा एमबी. तेवढं तर एखादा फोटो खातो! ज्या गोष्टीचा खर्च मिनिटावर ठरतच नाही तिला मिनिटाचा दर लावायचा म्हणजे विहिरीच्या पाण्याला बादलीमागे पैसे घेण्यासारखं, खर्च विहीर खणायला आणि मोटर बसवायला झालाय, बादलीला नाही.

मिनिटाच्या पद्धतीचा दुसरा त्रास म्हणजे दर आला की त्याच्याभोवती खेळ आले. 2019 मध्ये कंपन्यांनी रिंग वाजायचा वेळ 25 सेकंदांवर आणला. का, तर रिंग लवकर बंद झाली की मिस्ड कॉल पडतो, समोरचा उलटा फोन लावतो, आणि मग आययूसी देणारा घेणारा होतो. आमची आई तेव्हा गोठ्यात असली की हात धुऊन, पदराला पुसून ओटीवर येईपर्यंत फोन बंद पडलेला असायचा, मग ती चष्मा शोधून नंबर बघणार आणि परत लावणार. मला कळत होतं हे कशामुळे होतंय आणि तिला सांगून काही उपयोग नव्हता. शेवटी त्या नोव्हेंबरात ट्रायने मोबाईलला 30 आणि लँडलाइनला 60 सेकंद ठरवून दिले. अमेरिकेतही हेच झालं, फक्त वेगळ्या तऱ्हेने. आयोवातल्या छोट्या फोन कंपन्यांना येणाऱ्या मिनिटाला जास्त दर मिळायचा, मग फुकट कॉन्फरन्स कॉलचे नंबर तिकडेच बसवले गेले, सगळा देश तिथे फोन लावतोय आणि बिल दुसऱ्या कंपन्या भरतायत. तिथल्या एफसीसीने, म्हणजे त्यांच्या ट्रायने, 2011 मध्ये टप्प्याटप्प्याने बिल अँड कीपकडे जायचं ठरवलं त्यात या प्रकाराचा मोठा हात होता. युरोपने दर ठेवला, पण मोबाईलला मिनिटाला 0.2 युरो सेंटपर्यंत खाली आणून.

पण बिल अँड कीपच्या विरोधातलं एक म्हणणं मला खरंच पटतं. गावात ज्यांच्याकडे बटणाचा फोन आहे, जे स्वतः फार कमी लावतात पण त्यांना मुलांचे फोन येतात, त्यांच्या टॉवरचा खर्च आधी फोन लावणाऱ्याकडून थोडा निघत होता. जुन्या कंपन्या टूजीचं जाळं चालू ठेवत होत्या, तो खर्च खोटा नव्हता. दर 6 पैशांवर आला आणि पुढच्याच वर्षी, 2018 च्या शेवटी, 35 रुपयांचं मिनिमम रिचार्ज आलं, नाही केलं तर काही दिवसांनी इनकमिंगपण बंद. हे फक्त आययूसीमुळे झालं असं मी म्हणत नाही, दरयुद्धही होतंच, पण इनकमिंगवाला ग्राहक कंपनीला नकोसा झाला हे नक्की. यावर उपाय मिनिटाचा दर परत आणणं नाही, स्वस्त प्लॅन सक्तीचा करणं आहे. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने फक्त व्हॉइस आणि एसएमएसचा रिचार्ज ठेवायला लावला ती दिशा बरोबर आहे, त्याची किंमत किती असावी यावर भांडायला पाहिजे.

परदेशातून येणारा कॉल मात्र वेगळा ठेवा. दुबईहून किंवा न्यू जर्सीहून कोणी घरी साधा फोन लावला तर तिकडची कंपनी आपल्याकडच्या कंपनीला मिनिटाला पैसे देते, 2020 पासून 35 ते 65 पैशांच्या मध्ये. इथे शून्य केलं तर आपले पैसे सोडून द्यायचे आणि तिकडचे लोक आपल्या कॉलला शून्य करतील याची काही खात्री नाही. शिवाय बहुतेक घरांचं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर गेलंय, तिथे हा हिशोबच लागत नाही. एवढं मात्र खरं की परदेशी दर आणि देशी दर यात जितकं अंतर, तितका सिम बॉक्सवाल्यांना लोभ, परदेशचा कॉल लोकल नंबर दाखवून उतरवायचा. म्हणून तो 65 च्या वर जाऊ देऊ नका.

तिसरा पर्याय इंटरनेटवाल्यांचा, म्हणजे बरोबरीचे असतील तर फुकट जोडणी आणि नसतील तर धाकट्याने थोरल्याला पैसे द्यायचे, कुठलाही नियम नाही. हा मला अजिबात नको. 2016 मध्ये जिओ आलं तेव्हा जोडणीचे पोर्ट, म्हणजे दोन कंपन्यांची जाळी एकमेकांना जोडणारी तोंडं, पुरेसे मिळाले नाहीत म्हणून मोठ्या प्रमाणावर कॉल लागत नव्हते, ट्रायने त्या ऑक्टोबरात तीन कंपन्यांवर मिळून 3,050 कोटी दंडाची शिफारस केली होती. दर शून्य असला तरी दरवाजा ज्याच्या हातात आहे तो अडवू शकतो, आणि आयपी, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीच्या जोडणीत तर जागा वाढवायला बरेचदा नवीन केबलसुद्धा लागत नाही, सेटिंग बदलायची असते, मग उशीर करायला कारणच काय?

तर तुमच्या गटाने लिहायचं असेल तर मी असं लिहीन: देशातला दर शून्यच राहू द्या, परदेशातला ठेवा, कंपन्यांनी आयपीवर जोडणी मागितली की ती द्यायची मुदत दिवसांत लिहा, आणि पोर्टवरची गर्दी, म्हणजे जागा नाही म्हणून न लागलेले कॉल, 0.5 टक्क्याच्या वर गेली तर ती कोणत्या दोन कंपन्यांमधली आणि किती दिवस होती हे जिल्ह्यानुसार छापा. सातारा, नंदुरबार, गडचिरोली वेगवेगळे दिसू देत, सर्कलच्या, म्हणजे टेलिकॉमसाठी पाडलेल्या मोठ्या विभागाच्या, सरासरीत ते दबून जातात.