मियावाकी की मोकळी लागवड?

सोलापुरात ओसाड प्लॉटवर झाडं लावायची तर आधी पाण्याचं बोला. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकींच्या पद्धतीत जमीन मीटरभर खोल उकरून शेणखत, भुसा मिसळतात आणि चौरस मीटरला ३-४ स्थानिक रोपं लावतात. उन्हासाठी चढाओढ लागते, रोपं सरळ वर धावतात, खालची माती ओली राहते. पण पहिली २-३ वर्षं पाणी हवंच. एप्रिल-मेमध्ये इथे टँकर कोण देणार? मोकळ्या लागवडीत १०-१२ फुटांवर खड्डे घेऊन कडुनिंब, हिवर, बोर लावलं तर खर्च नि पाणी दोन्ही कमी, फक्त दाट रान होत नाही. बोअरला पाणी असेल तर गल्लीतल्या दोन गुंठ्यांत मी मियावाकीच करीन. सोलापूरजवळच्या नान्नजकडच्या माळावर मात्र दोन्ही नकोत. काळविटांना तिथलं गवतच लागतं.