पोलाद कंपनीचा निकाल: तुलना मागच्या तिमाहीशी की मागच्या वर्षाशी?

पाइप, पत्रे, तारा बनवणाऱ्या कंपनीचा निकाल लागला की वाढीच्या दोन टक्केवाऱ्या समोर येतात: एक मागच्या तिमाहीच्या तुलनेत, दुसरी मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीच्या तुलनेत.

मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी तुलना केली की हंगामाचा परिणाम बराचसा गळून जातो. पावसाळ्यात किंवा कडक थंडीत बांधकामं मंदावतात. ती घट दोन्ही वर्षांत असते. मागणी खरंच वाढली का, हे इथेच कळतं. त्यातही विक्रीची रक्कम नको, टन बघा.

नफ्यासाठी मात्र मला मागची तिमाही जास्त बोलकी वाटते. अशा बऱ्याच कंपन्या हॉट रोल्ड कॉइल (तापवून लाटलेल्या पोलादी पत्र्याची गुंडाळी) विकत घेऊन माल घडवतात. कॉइलचे भाव कोसळले, की गोदामातल्या महाग साठ्यापासून बनलेला माल उतरलेल्या दरात विकावा लागतो आणि मार्जिन आक्रसतं. भाव चढले की उलट. या नफ्या-तोट्यात कारखान्याच्या कामगिरीचा काही वाटा नसतो, आणि वर्षाच्या तुलनेत हा नफा-तोटा सहज झाकला जातो. म्हणून प्रतिटन एबिटडा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) सलग चार-पाच तिमाहींचा मांडून बघावा, असं माझं ठाम मत आहे. नवा प्रकल्प सुरू झाला असेल तर घसारा (यंत्रं-इमारतींच्या झिजेचा खर्च) आणि व्याजही तपासा. एबिटडात ते दोन्ही वजा झालेले नसतात.